गादीशेजारची पेटी

"मग गादीवर कोण बसणार?"

मठाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दूधवाल्याचा आवाज आला आणि भिंतीच्या अलीकडे आपल्या घरी शेंगदाणे पाखडणाऱ्या पमाकाकूंचं सूप हातातच थांबलं.

"कोण म्हणजे? चिदंबर!" हा इराप्पा आचारी. "गुरुवारी बाबा निघाले की चिदंबर गादीवर बसणार. बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला. कारण काय, तर..."

नेमकी तेवढ्यात वीज आली. सकाळपासून गेलेली होती, ती त्याच घटकेला आली, आणि बटण चालूच राहिलेला काकूंचा मिक्सर आपोआप घर्रर्र करून ओरडायला लागला. काकू धावत जाऊन तो बंद करून परत भिंतीशी येईपर्यंत दूधवाला उताराला लागला होता आणि इराप्पा भाकरी थापत होता.

कारण तेवढं राहून गेलं.

पण कारणावाचून काकूंचं काही अडत नव्हतं. दुपारी उन्हं कलायच्या आत टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत बातमी पोचली. तारबाबा मठ सोडून चालले. गादी चिदंबरला.

तारबाबा म्हणजे मठाचे प्रमुख. संन्यास घेण्याआधी टेलिफोन खात्यात मोठे इंजिनियर होते, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलं. आणि चिदंबर हा त्यांचा एकुलता एक शिष्य. पुण्यातल्या कंपनीत हेच नेटवर्कचं काम करायचा. नोकरी सोडून इथं आला, मंत्र द्या म्हणाला. बाबांनी त्याला पेटी दिली.

ही पेटी म्हणजे जाळीच्या दाराचं एक लोखंडी कपाट, गादीला लागून कोनाड्यात बसवलेलं. पावसात मठाची तेवढीच एक भिंत कोरडी राहते. पूर्वी तिथं समई असायची. आता आत केबलींची गुंतावळ आणि मधोमध इंटरनेटच्या लाइनी जोडणारा स्विच. त्याच्यावर बारके हिरवे दिवे.

त्या दिव्यांवर टेकडीवरच्या म्हाताऱ्यांचे डोळे अवलंबून होते. अगदी खरोखर. महिन्यातल्या एका गुरुवारी मठात डोळ्यांची तपासणी असते. सभामंडपात यंत्र ठेवतात, सिस्टर येते, आणि शहरातल्या इस्पितळातून डॉ. नाडगौडाबाई पडद्यावर बसून एकेकाचा डोळा बघतात. मागच्या खेपेला काकूंच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, यंत्रावर हनुवटी टेकवून बसल्या आणि टेकडीखाली रस्ता खणणाऱ्यांकडून लाइन तुटली. डॉक्टरीणबाईंचं तोंड पडद्यावर उघडंच्या उघडं राहिलं. आत्याबाई बिचाऱ्या कितीतरी वेळ डोळा न मिटता तशाच.

दुसऱ्या दिवशी नाडगौडाबाईंनी फोनवर सांगून टाकलं, की पुन्हा असं झालं तर तपासणी तालुक्याला हलवू. तालुका म्हणजे दोन एस्ट्या बदलायच्या. आत्याबाईंना एक पायरी चढवत नाही.

तेव्हा चिदंबर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पुन्हा होणार नाही. माझा शब्द."

बुधवारी दुपारी वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन काकू मठात गेल्या. चटणी हे निमित्त होतं, हे चटणीलाही ठाऊक असावं.

चिदंबर पेटीपुढे उभा होता. बाबा ओट्यावरच्या गादीवर बसले होते. सभामंडपातल्या पडद्यावर इस्पितळातली रिकामी खोली दिसत होती. खुर्ची, टेबल, भिंतीवर घड्याळ. घड्याळाचा सेकंदकाटा टुकटुक पुढे जात होता.

काकूंनी वाटी ठेवता ठेवता हळूच विचारलं, "खरं ना रे? गादीवर बसल्यावर आम्हाला विसरू नको हो बाळा."

"काकू, तसं काही नाही," चिदंबर म्हणाला. पण खांद्यावरचं उपरणं त्याने नीट केलं, हे काकूंच्या नजरेतून कसं सुटेल? "बसा तुम्ही. बाबांना काम दाखवतोय."

काकू खांबाला टेकून बसल्या.

"तर बाबा," चिदंबरने सुरुवात केली, "हा पहिला पोर्ट. यात कंपनीची फायबरची लाइन येते. हा दुसरा. याची केबल थेट टाकीवरच्या डिशला गेलीय. दोन वेगळ्या वाटा. पहिली पडली की स्विच स्वतःहून दुसरीवर जाणार. कुणी हात लावायची गरज नाही. याला म्हणतात फेलओव्हर..."

"हं," बाबा म्हणाले.

मग चिदंबर सुटला. पुण्याला असताना त्याने कुठल्या कुठल्या इमारतींत हे केलं होतं, लोक कुठं चुकतात, तो कसा चुकत नाही. बाबा मान डोलावत होते. मधूनच "हं." मधूनच "हं हं." चिदंबरचा आवाज चढत गेला. काकूंना एक डुलकीसुद्धा लागून गेली.

"...तर असं आहे सगळं. कसं वाटलं, बाबा?"

"काय?"

"हे सगळं."

"सगळं म्हणजे?"

"मी इतका वेळ सांगत होतो ते!"

"अरे, तू मला काही सांगत होतास?"

"बाबा, तुम्ही हं म्हणत होता."

"म्हणत होतो."

"मान डोलावत होता!"

"चांगली डोलावत होतो."

"मग?"

गादीवरून न उठता बाबांनी कोनाड्यात हात घातला. फायबरची पिवळी बारीक तार बाहेरून येऊन आधी कंपनीच्या एका डब्यात शिरत होती, आणि त्या डब्यातून केबल स्विचला. बाबांनी डब्यामागची पिवळी तार अलगद उपटून हातात धरली.

पडद्यावरचा सेकंदकाटा जागच्या जागी थांबला.

चिदंबरने स्विचकडे पाहिलं. पहिल्या पोर्टचा दिवा हिरवागार.

"आता जाईल दुसऱ्यावर," तो म्हणाला.

तिघांनी वाट पाहिली. काटा हलला नाही. दिवा विझला नाही.

खांबापाशी काकूंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी फुटलंच. "अगं बाई! हे तर आमच्या ह्यांच्यासारखं! पेपर वाचत असतात ना, तेव्हा दूध उतू गेलं म्हणा, घराला आग लागली म्हणा... हं!"

"त्यांचा दिवा हिरवा असतो," बाबा गंभीरपणे म्हणाले.

चिदंबर हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. "मी... मी प्रत्येक वेळी स्विच आणि डबा यांच्यामधली केबल काढून बघत होतो. ती काढली की दिवा विझतो, आणि बरोबर दुसऱ्यावर जातं. पण डबा तर इथंच आहे, चालू आहे. स्विचला वाटतं, शेजारी जागा आहे म्हणजे सगळं ठीक. डब्याच्या पलीकडे कुणी मेलं तरी त्याला कळत नाही."

"तुला कळलं?"

"आत्ता कळलं."

"मग त्यालाही कळव."

"कसं?"

"हाक मारायला शिकव."

चिदंबरने लॅपटॉप उघडला. आता पहिल्या वाटेनं स्विच दर थोड्या वेळानं थेट इस्पितळातल्या यंत्राला हाक मारणार होता. आहेस का? तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर दिवा कितीही हिरवा असो, दुसरी वाट धरायची.

बाबांनी पिवळी तार परत लावली होती. ती पुन्हा काढली. काटा थांबला... आणि क्षणभराने टुकटुक चालायला लागला.

"झालं!" चिदंबरने टाळी वाजवली. काकूंनीही वाजवली.

बाबांनी तार लावली. चित्र थरथरलं, काटा अडखळून पुढे गेला. बाबांनी तार काढली. चित्र गोठलं, मग सुटलं. लावली. थरथर. काढली. गोठलं. लावली, काढली...

"बाबा, खेळताय काय असे!"

"मी कुठं खेळतोय? खाली रस्ता खणणारे खेळतात."

"पण तार लावली की तो लगेच पहिल्यावर परत येतो, म्हणून असं..."

"का येतो?"

"पहिली लाइन चांगली आहे ना. जोरात आहे. ती आली की तिच्यावर जायलाच पाहिजे. मीच तसं ठेवलंय."

"आली," बाबा म्हणाले, आणि तार काढली. "कुठं आली?"

चिदंबर परत लॅपटॉपवर वाकला. पहिली परत आली तरी लगेच धावायचं नाही, थोडा वेळ टिकते का बघायचं, मगच तिच्यावर जायचं, असं त्याने स्विचला शिकवलं. बाबा उठले, हातपाय धुवायला विहिरीकडे निघाले. काकूंना राहवेना. त्यांनी डोळ्यांनीच चिदंबरला खुणावलं, विचार की!

"बाबा..." चिदंबरने धीर केला. "उद्या तुम्ही... निघणार?"

"सकाळच्या गाडीनं."

"आणि मी?"

"तू गादीवर बस."

"बाबा, माझी एवढी लायकी..."

बाबा विहिरीपाशी पोचलेसुद्धा होते. रहाट कुरकुरला.

काकूंना घरी जायला धीर कुठला. वाटेतच पहिली भेटली तिला सांगितलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी तारबाबा खरंच निघाले. खांद्याला झोळी, हातात काठी. मोबाइल कोनाड्यात ठेवला.

"बाबा, फोन!" चिदंबर मागं धावला.

"असू दे तिथं."

"अहो पण काही झालं तर कुणाला विचारू?"

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा पेटीकडे पाहिलं, आणि टेकडी उतरायला लागले.

काकूंचे डोळे पाणावले. एवढा साधा निरोप! त्यांनी आत्याबाईंना हात धरून मठात आणलं, तोवर सभामंडप भरला होता. आणि चिदंबर गादीवर बसला होता. पाठ ताठ, कपाळाला भस्म, चेहऱ्यावर न मावणारं काहीतरी.

इराप्पाने त्याला चहा आणून दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अस्सं. तिथनं हलू नको आता. बाबांनी बजावलंय मला. ओट्याखाली बसलं की पेटीतले दिवे दिसत नाहीत, गादीवरूनच दिसतात. म्हणून त्याला गादीवर बसव, म्हणाले."

"म्हणून?" चिदंबरने तोंडाशी नेलेला कप खाली घेतला.

"मग आणि कशाला?"

"आणि बाबा गेलेत कुठं?"

"बहिणीकडं. धाकट्या. शेवग्याला शेंगा लागल्यात, या म्हणाली. परवाच मी सांगत होतो दूधवाल्याला, तर शेजारी कुणाचा तो मिक्सर..."

पमाकाकूंनी आत्याबाईंचा पदर सारखा करायला घेतला. तो सारखाच होता.

चिदंबरची ताठ पाठ हळूहळू खाली आली. मग त्याला जे हसू लागलं, ते काही केल्या थांबेना. कपाळावरचं भस्म पुसता पुसता हसत होता.

पण बातमी टेकडीभर झालेली, ती इराप्पाच्या एका वाक्यानं थोडीच मागे फिरणार? लोक येतच होते. तपासणीला आलेला माणूस आधी ओट्यापाशी जायचा, डोकं टेकवायचा, मगच रांगेत बसायचा.

"अहो पाया नका पडू! मी केबल बघतोय!"

"बघा हो महाराज, बघा," एक म्हातारी म्हणाली आणि तिने नारळ ठेवला.

त्याला उठून पळताही येईना. पेटी सोडायची नव्हती. दुपारपर्यंत ओट्यावर नारळांची ओळ लागली.

तपासणी सुरू होती. नाडगौडाबाईंचा चेहरा पडद्यावर स्वच्छ. काकू एक डोळा रांगेवर आणि एक गादीवर ठेवून बसल्या होत्या. आपल्या जिभेनं पोराला कुठं नेऊन बसवलं, हे त्यांना आता दिसत होतं.

तेवढ्यात खालच्या वस्तीतले भीमाण्णा आजोबा गादीपाशी येऊन टेकले. तपासणीला नव्हते आले. बोलायला आले होते. थोरला मुलगा वेगळा राहतो, सणालाही घरी येत नाही, चूक कुणाची ते आता आठवतही नाही. आजोबा थांबत थांबत सांगत होते.

चिदंबरची नजर दिव्यांवर. "हं," तो म्हणाला. "हं... हं."

काकूंनी ऐकलं.

आणि बहुतेक त्यानेही ऐकलं. कारण तो दिव्यांवरून नजर काढून आजोबांकडे वळला, मांडी बदलून त्यांच्यासमोर नीट बसला.

"आजोबा, माफ करा. मी ऐकतच नव्हतो. पहिल्यापासून सांगाल?"

आजोबांनी चकित होऊन त्याच्याकडे पाहिलं. "सगळं?"

"सगळं."

आजोबांनी सगळं सांगितलं. चिदंबरने एकदाही हं म्हटलं नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला हाक मारलीत का, आजोबा? एवढ्यात कधी?"

आजोबा काठी टेकत उठले. नारळबिरळ काही न ठेवता गेले.

आत्याबाईंचा नंबर आला. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवली, आणि मागच्या अनुभवानं शहाण्या होऊन आधीच पडद्याला दटावलं, "बाई, नुसत्या दिसताय की ऐकताय पण?"

"ऐकतेय हो आजी," नाडगौडाबाई हसल्या. "वर बघा. आता खाली."

त्याच वेळी चिदंबर गादीवर गुडघ्यांवर उठलेला काकूंनी पाहिला. तो लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता. पहिल्या पोर्टचा दिवा हिरवाच होता. पण टेकडीखाली खणणाऱ्यांनी काहीतरी उचकटलं असावं, कारण चिदंबरचे ओठ हलत होते. एक... दोन... तीन...

चित्र पापणी लवावी तसं लवलं.

"खाली बघा आजी. आता उजवीकडे. छान. मोतीबिंदू पिकलाय तुमचा, पण काळजी करू नका, काढून टाकू. गाडी पाठवतो आम्ही."

बाईंना काही कळलंही नव्हतं.

चिदंबरने टाळी वाजवायला हात उचलले. काकूंना वाटलं, आता हा ओरडणार. पण समोर आत्याबाई कान देऊन गाडीचं ऐकत होत्या. त्याने हात तसेच खाली घेतले, मांडीवर ठेवले.

पुढे बराच वेळ पहिली लाइन येत होती, जात होती. लॅपटॉपवर कळत होतं. स्विच मात्र दुसऱ्या वाटेवर शांत बसून होता. आली म्हणून हलला नाही, गेली म्हणून बावरला नाही. शेवटचा माणूस तपासून झाला तेव्हा नाडगौडाबाई म्हणाल्या, "मग पुढच्या महिन्यात, इथंच." सभामंडपात एकच गलका झाला.

उन्हं उतरताना तारबाबा टेकडी चढून आले. झोळीतून शेवग्याच्या शेंगा हातभर बाहेर आलेल्या.

लोक उठून उभे राहिले. बाबा गादी सोडून चालले म्हणून जे काल हळहळले होते, तेच आता शेंगांकडे बघत होते. मग हळूहळू साऱ्यांच्या नजरा पमाकाकूंकडे वळल्या.

"जाणार म्हणाले होते, ते गेले की नाही?" काकू घुश्शातच म्हणाल्या. "आणि हा गादीवर बसला की नाही? मी काय खोटं बोलले?"

बाबांनी नारळांची ओळ पाहिली. पेटीतले दिवे पाहिले. भुवया किंचित वर गेल्या.

चिदंबर धडपडून उठला. उपरणं पायात अडकलं, एक नारळ घरंगळत गेला. "बाबा, या! बसा... तुमची जागा. मी फक्त दिव्यांसाठी..."

बाबांनी झोळी इराप्पाच्या हातात दिली. घरंगळणारा नारळ काठीनं अडवला. आणि ओट्याखालच्या पायरीवर, सगळ्यांच्या बरोबरीनं, आरामात पाय पसरून बसले.

"बाबा, तिथं काय? वर या ना."

"बस रे तू," तारबाबा म्हणाले. "मी आत्ताच आलोय. टिकतो का बघ थोडा वेळ."